चिमाआत्याचे न काढलेले कांदे

आमच्या ह्यांचा स्टीलचा टेप अजून कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, जुन्या चादरींच्या खाली असतो. पडद्याचं माप घ्यायचं असलं की सून विचारते, "आई, टेप कुठंय?" मग मी आधी खिडकीशी जाऊन बाहेर डोकावते आणि मगच स्टूल ओढते. सुनेला वाटतं, म्हातारीला कसली तरी खोड लागली आहे. ती खोड नाही, भीती आहे, आणि मुळात माझी नाही, भोसरीच्या चिमाआत्याची आहे. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, खिडकीखाली मोटारींशिवाय काही नसतं. तरी टेपची पाती बाहेर येताना छातीत धस्स होतं.

चिमाआत्या आमची घरमालकीण. माझी ती कुणी लागत नव्हती. सासरहून फार लवकर परत आलेली आणि माहेरच्या गावातच राहिलेली बाई साऱ्या गावाची आत्या होऊन बसते, तशी ती झाली होती. परत का आली ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. काळीसावळी, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि मागून कुणी येतंय का ते ऐकत असल्यासारखी मान सारखी एका बाजूला कललेली. गावात तिला कुणी भित्री म्हणत नसे. उलट लोकच तिला वचकून असायचे, कारण ती घाबरली की ओरडायची, आणि दिवसातून तीन-चारदा तरी घाबरायची.

ह्यांना भोसरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात ड्राफ्ट्समनची नोकरी लागली, तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुण्याहून रोज बसनं जाण्यायेण्यात माणूस अर्धा होत होता, म्हणून गावठाणाच्या कडेला खोली बघायला आलो. खोली बरी होती. मागच्या दारातून परसू दिसत होतं. आमची कॉट भिंतीला लागते का ते बघायला ह्यांनी सवयीनं खिशातून टेप काढला आणि वाकले. पाती सर्रकन बाहेर आली आणि दारात पाणी घेऊन उभ्या असलेल्या चिमाआत्याच्या हातातला तांब्या खाली पडला.

"आत घाला त्ये!" ती ओरडली. "आदी आत घाला! माज्या घरात मोजायचं न्हाई!"

हे इतके दचकले की टेपची पाती त्यांच्याच बोटाला लागली. मला वाटलं, बाई वेडी आहे, चला इथून. तेवढ्यात तिचा भाचा दत्तू पुढं आला. तिच्या वारलेल्या भावाचा हा मुलगा, आमच्या ह्यांच्याच वयाचा, एका कारखान्यात फिटर होता.

"रागावली न्हाई वैनी ती," तो हळूच म्हणाला. "भ्याली."

खरंच, टेप खिशात जाईपर्यंत ती दारातून हलली नाही. दत्तूनं मग ओट्यावर बसून सांगितलं. सरकारनं औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी घेतल्या, तेव्हा त्यांचं सगळं रान एका सकाळी मोजलं गेलं. साखळी घेऊन दोन माणसं आली. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये साखळी ताणलेली. कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. मोजलं, आणि मोजलं तेवढं गेलं. उरलं ते घरामागचं परसू. ते चिमाआत्याला तिच्या वडलांनी तोंडी दिलेलं. कागद नाही, सही नाही. ते का उरलं याचं तिच्या लेखी एकच कारण होतं, साखळी तिथवर पोचली नव्हती.

"मोजलं की नेत्यात," असं ती म्हणायची. आम्ही खोली घेतली, आणि टेप चादरींच्या खाली गेला.

परसू केवढं होतं, ते मला आजही सांगता यायचं नाही. एका टोकाला उभं राहून साधं बोललं तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जाई, एवढं. पलीकडं वर्कशॉपची पत्र्याची भिंत. तिच्यामागं लोखंड ठोकणारा एक प्रेस दिवसभर धपधप चाले आणि चिमाआत्याच्या बादलीतलं पाणी प्रत्येक ठोक्याला शहारत असे. जमीन तिथं संपली आहे आणि कारखाना लागला आहे, हे विसरायची सोयच नव्हती.

तिथं ती कांदे करायची. दिवाळी सरली की चुलीवर टांगलेलं गाडगं खाली यायचं. त्यात राखेत घालून ठेवलेलं कांद्याचं बी असे. ती त्याला उळं म्हणे. बारीक, काळंभोर. वाऱ्यानं उडू नये म्हणून ती ते मूठभर राखेत कालवायची, उंच केलेल्या वाफ्यात बोटानं रेघा ओढून त्यांत सोडायची, वरून पाचोळा पांघरायची आणि कोंबड्यांनी उकरू नये म्हणून बोराटीच्या काटेरी फांद्या रचायची. आठवड्याभरात दुमडलेल्या दोऱ्यासारखे हिरवे कोंब मातीतून वर यायचे. काही दिवसांनी त्यांची कमान सरळ व्हायची, आणि मग कुठं तिला नीट जेवण जायचं. रोपं उदबत्तीच्या काडीएवढी झाली की थंडीत लागण. आंघोळीचं पाणी पाटानं थेट तिकडंच जाई, म्हणून मला न्हाणीत साबण कमी वापरायची ताकीद होती.

"आत्या, एवढी रोपं झाली तरी किती?" मी एकदा सहज विचारलं.

तिनं माझ्या तोंडावर मातीचा हातच ठेवला. "हायती तेवडी हायती. त्वांड आवर."

मोजणं या प्रकाराचीच तिला दहशत होती. भाकरीचं पीठ हाताला येईल तेवढं. शेजारणींना कांदे द्यायचे ते पदरात मावतील तेवढे. चाकणच्या बाजारातला एक व्यापारी एकदा तराजू घेऊन दारात आला, तर तिनं त्याला उंबऱ्याबाहेरच थोपवला. तो बिचारा म्हणत होता, "आत्या, माल बघून तरी घेऊ द्या!" आणि ती दाराला पाठ लावून उभी होती. तेव्हा मला हसू आलं होतं. पण हळूहळू माझ्याही लक्षात आलं, की तांदूळ मोजायचं माझं मापटं मी ती आली की फडताळात सरकवते. तिच्या शेजारी राहायचं म्हणजे तिच्या भीतीलाही थोडी जागा द्यावी लागे.

थंडीत धुई, म्हणजे दाट धुकं, पडली की कांद्यावर करपा येतो, पात पिवळी पडून माना टाकते. म्हणून सकाळी उजाडताच ती मला हाक मारायची. एका दोरीचं टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. वाफ्याच्या दोन्ही बाजूंनी आम्ही दोघी चालायचो आणि दोरी पातीवरून फिरवून दव खाली पाडायचो. हात गारठून जात. पण खरी कसरत वेगळीच होती. दोरी सैल धरायची. चुकून मी ओढली आणि ती सरळ झाली, की पलीकडून आवाज यायचा, "ताणू नगं पोरी! ताणू नगं म्हन्ते ना!" दोन टोकांना दोन माणसं आणि मध्ये ताणलेली दोरी, हे तिला कांद्यावर सुद्धा बघवत नव्हतं.

आमची मुलगी झाली, तेव्हाची गोष्ट. दवाखान्यातली नर्स घरोघर फिरून बाळांची वजनं करायची. तिनं काट्याला झोळी लावली आणि बाळाला त्यात घातलं. चिमाआत्या परसातून धावत आली, पण तोवर नर्सनं आकडा वाचला होता. चिमाआत्या मट्कन खाली बसली. ओरडली नाही. नुसती म्हणाली, "काय क्येलं गं ह्ये?" त्याच आठवड्यात बाळाला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, साथीचा आहे, उतरेल, आणि तो उतरलाही. मी मॅट्रिक झालेली बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि नाही. पण त्या तापात चिमाआत्या माझ्या दाराशी बसून होती, आणि तिच्या डोळ्यांत मला जे दिसत होतं त्यानं मी मुळापासून हादरले होते. पुढच्या खेपेला नर्स आली, तेव्हा मी बाळ झोपलंय म्हणून सांगितलं.

त्या वर्षांत ती अजून कांदे काढायची. पण कसे, तर सगळा वाफा एकदम कधीच नाही. कांदा उपटला की त्याच खड्ड्यात तेव्हाच्या तेव्हा मेथीचं नाही तर अंबाडीचं बी पडायचं. "रिकामं दिसलं की नजर जाती," ती म्हणे. चांगले गोल कांदे ती बाजूला ठेवायची आणि पुढच्या थंडीत तेच पुन्हा पुरायची. त्यांना उंच दांडे फुटत, टोकाला पांढरे गोंडे येत, आणि उन्हाळ्यात त्या गोंड्यांत नवं उळं तयार होई. कांद्याचं बी एका वर्षाचंच असतं, दुसऱ्या वर्षी ते उगवत नाही. एक साल चुकलं की वंश संपला. ही गोष्ट ती फार हलक्या आवाजात सांगायची.

मग एका उन्हाळ्यात चावडीवर कागद लागला. वसाहतीचा रस्ता रुंद करायचा होता, आणि आमच्या बाजूच्या घरांच्या मागून मोजणी होणार होती. कांद्याच्या माना पडल्या होत्या, म्हणजे काढायला तयार. दत्तू पहिल्या पाळीहून आला आणि डबासुद्धा खाली न ठेवता म्हणाला, "आत्या, कांदं काढून घे. मोजणीवालं तुडवत्याल."

"न्हाई काढायचं."

"आगं, नासून जातील!"

"नासू दे. काढलं की घ्येतलं." आणि मग, आम्ही एवढी वर्षं राहून जे ऐकलं नव्हतं ते तिनं सांगितलं. "त्या टायमाला त्यो सायब च्या प्याला, या हितं बसून. म्हन्ला, पीक तुमचं हाय, निवांत काढून घ्या, मग ताबा बघू. तुजा बा किती खूश! समद्यांनी मिळून काढलं. म्यापन काढलं, हसत काढलं. आन् दुसऱ्या दिशी तारा ठोकल्या. आमीच काढलं, दत्तू. उभं असतं तर कशाला आलं असतं त्ये?"

"आत्या, कायद्यानं ते आधीच गेलं होतं," दत्तू म्हणाला. "पिकाचा काय संबंध?"

तिचं सगळं जग त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि दत्तूचा कायदा त्याला धक्का लावू शकत नव्हता.

मोजणीवाले आज येतील, उद्या येतील, करत दिवस जाऊ लागले. कांदे जमिनीतच. चिमाआत्या मागच्या दारात बसून. पँटवाला कुणीही गल्लीत शिरला की उठून उभी राहायची. जेवण अर्ध्यावर टाकायची. माझीही झोप उडाली. एक दिवस पाहिलं तर गोंडे वाळून तडकले होते आणि आतलं काळं उळं दिसत होतं. वारा आला की खाली सांडणार.

"आत्या, निदान गोंडे तरी कापा," मी म्हटलं. "वंश जाईल."

ती विळा घेऊन गेली. एका गोंड्याला हात लावला. पत्र्यामागं प्रेस धपधप करत होता. ती तशीच उभी राहिली आणि विळा घेऊन परत आली. बी राखावं तर पीक कापावं लागतं, आणि पीक कापलं तर जमीन जाते. या कात्रीत सापडलेली ती बाई बघून मला तिला मिठीत घ्यावंसं वाटलं, पण तिला कुणी हात लावलेला चालत नसे.

दुपारी आभाळ भरून आलं. वळवाचा वारा सुटला, पत्रे वाजायला लागले. मी कपडे काढायला मागं गेले आणि पाहिलं, तर चिमाआत्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून सरकत होती. प्रत्येक गोंड्याखाली पदर पसरायची, दांडा न मोडता गोंडा हलक्या हातानं झटकायची, पडेल ते उळं पदरात घ्यायची आणि पुढं सरकायची. पहिले टपोरे थेंब पडेतो ती आत आली. पदराची मूठ घट्ट वळलेली.

"कापलं न्हाई म्या," ती धापा टाकत मला म्हणाली, मी जणू कुणी सरकारी माणूस होते. "पडलं त्ये झेललं. तू बघितलंस न्हवं?"

"बघितलं आत्या."

त्या पावसानं कांदे नासले. जमिनीतच कुजायला लागले आणि साऱ्या गल्लीत वास सुटला. तशात मोजणीवाले आले, नाकाला रुमाल लावून. त्यांचा साहेब कमी वयाचा, सभ्य. "आजी, वेळेवर काढले का नाहीत?" असं त्यानं कळवळून विचारलं. चिमाआत्या दाराची चौकट धरून उभी होती. साखळी ताणली गेली. पत्र्याच्या भिंतीच्या कडेकडेनं गेली. हद्दीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या, त्या परसाच्या अगदी काठावर, पण बाहेर. रस्ता वर्कशॉपच्या पलीकडूनच रुंद होणार होता. पहिल्यापासून तसाच आखलेला होता, असं साहेबानं नकाशा दाखवून ह्यांना सांगितलं. कांदे काढले असते तरी काही बिघडलं नसतं.

हे तिला कुणी सांगायचं? आणि सांगून काय होणार होतं? ती वाफ्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला त्या समाधानाचीच धास्ती वाटली.

तेव्हापासून चिमाआत्यानं कांदा काढला नाही. दर वर्षी पेरायची, लागण करायची, धुईत दव पाडायची, आणि माना पडल्या की हात जोडून बसायची. जे कुजायचे ते कुजत. जे तग धरत ते पावसानंतर पुन्हा फुटत आणि थंडीत गोंड्यावर येत. उळं झेललेलं. आणि घरात खायला भोसरीच्या बाजारातून विकतचे कांदे. गावातल्या बायका म्हणायच्या, "आत्या, तुमच्या मळ्यातला कांदा पाठवा की!" ती ऐकून घ्यायची.

पुढं आम्ही चिंचवडला कंपनीच्या कॉलनीत राहायला गेलो. उन्हाळ्यात एकदा तरी मी तिला भेटायला जायचे. गल्लीच्या तोंडाशीच तो वास यायचा आणि मला बरं वाटायचं, म्हणजे सगळं ठीक आहे. दत्तूची मुलं मोठी झाली होती, दोन खोल्यांत मावत नव्हती. एकदा तो मला बसस्टॉपवर सोडायला आला, तेव्हा म्हणाला, "मागं चार खोल्या काढल्या तर पोरांचं भागंल वैनी. पर आत्या पीक काढंना, आन् उभ्या पिकात पहार मारायला माजा हात उचलंना." मी बसमध्ये बसले आणि मला एकदम उमगलं, की चिमाआत्याचं खरं होतं. उभं पीक राखत होतं तिची जमीन. सरकारपुढं त्याचा काही उपयोग नव्हता, पण घरात होता.

शेवटची भेट ऐंशी सालानंतरची. तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले होते. निरोप आला की एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, येऊन जा. भर उन्हाळ्यात ऑपरेशन करू नये, थंडीत करा, असं सगळे सांगत होते, पण दत्तूनं घाई केली होती. का केली, ते गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा कळलं. वास नव्हता.

दत्तू दारातच उभा होता. त्याच्यामागं उघड्या दारातून परसू दिसलं. सगळं उकरलेलं, सपाट, चुन्याच्या फक्कीनं आखलेलं, आणि खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या. ती दवाखान्यात होती तेव्हा त्यानं कांदे काढले होते. त्यानं माझ्यापुढं हात जोडले. डोळे लाल होते त्याचे. "तिला म्हाईत न्हाई," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. मी त्याच्यावर रागवायला गेले आणि मला रागावता आलं नाही.

ती मधल्या खोलीत खाटेवर बसली होती. ऑपरेशन एकाच डोळ्याचं, पण तेव्हाच्या रीतीनं दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी. मी तिचा हात हातात घेतला, तर या वेळी तिनं तो काढून घेतला नाही.

"जावई बरं हायती?"

"हे बरे आहेत."

"पोरगी?"

"बरी आहे आत्या."

मग ती कानोसा घेत राहिली. मान नेहमीसारखी कललेली. मागं, पत्र्याच्या पलीकडं प्रेस चालूच होता. तिनं कनवटीला हात नेऊन उळ्याची पुरचुंडी चाचपली, ती होती.

"यंदा वास न्हाई आला," ती म्हणाली.

मी मागच्या दाराकडं पाहिलं. तीच पुढं बोलली.

"डाक्तर म्हन्तोय परवा पट्टी सोडू. म्या सांगितलं, न्हाई सोडायची."

"आत्या, असं करू नका. डोळा जाईल."

"जाऊ दे." आवाज अगदी साधा होता, भाजी काय केली ते सांगावं तसा. "जवर ही सोडली न्हाई, तवर माजं समदं उभंच हाय."

निघताना उंबऱ्यावरून मागं वळून पाहिलं. दत्तू चहा घेऊन आत येत होता. त्याच्या पावलांची चाहूल लागली, तशी तिनं दोन्ही हात डोक्यामागं नेले आणि पट्टीची गाठ घट्ट धरून ठेवली.